हॉटनची वाट आणि मागच्या स्प्रिंगा

मिशिगनमध्ये ऋतू दोनच, असं इथली मंडळी म्हणतात : एक हिवाळा आणि दुसरा रस्तेदुरुस्तीचा. डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या वाचकांना यातली गंमत समजावून सांगायला नको. बर्फ वितळू लागलं की फ्रीवेवर नारिंगी पिंपांच्या रांगा उगवतात, आणि पिंपं जिथे पोचलेली नसतात तिथे खड्डे. दिवसा पाणी डांबराच्या भेगांत शिरतं, रात्री गोठतं, गोठताना फुगतं आणि रस्ता आतून उचलतं. दुसऱ्या दिवशी ते वितळलं की खाली पोकळी राहते. वरून एखादा ट्रक गेला की डांबर आत बसतं. ट्रकही साधेसुधे नव्हेत. इतरत्र आंतरराज्य महामार्गांवर साधारण ८०,००० पौंडांची मर्यादा, तर आमच्या राज्यात अकरा आसांचा ट्रक १,६४,००० पौंडांपर्यंत वजन घेऊन जाऊ शकतो.

या रस्त्यांचा पहिला मार खातात त्या गाडीच्या स्प्रिंगा. त्यात हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं. मिठाचं पाणी स्प्रिंगच्या तळाच्या वेटोळ्यात साचतं, रंग सुटतो, गंज चढतो, आणि एखाद्या खड्ड्यात चाक आदळलं की ‘टण्’ असा आवाज होऊन तळाचं वेटोळं तुटतं. २०२४ च्या मार्चमध्ये आमच्या जुन्या मिनीव्हॅनची मागची उजवी स्प्रिंग अशीच गेली. स्प्रिंगा नेहमी जोडीनं बदलायच्या असतात, नाहीतर गाडी एका अंगाला कलते. गॅरेजवाल्यानं कॅटलॉग पुढे सरकवला आणि विचारलं, “लिनियर टाकू की प्रोग्रेसिव्ह?” दोन्हींच्या किमतीत फारसा फरक नव्हता.

एरवी आम्ही ‘होती तशीच बसव’ म्हणून कामावर निघून गेलो असतो. पण जुलैत पुण्याहून आई-बाबा यायचे होते, आणि या खेपेला हॉटनला जायचं ठरत होतं.

हॉटन म्हणजे मिशिगनच्या अगदी उत्तरेच्या टोकाजवळचं, लेक सुपीरियरच्या अंगाखांद्यावरचं छोटंसं गाव. आम्ही मास्टर्स केलं ते तिथे, २००३ ते २००५. ती दोन वर्षं आई पुण्याहून पार्सलं पाठवायची. मेतकूट, लसणीची चटणी, दिवाळीला चकल्यांचा डबा. पत्ता ती स्वतःच्या हातानं लिहायची, त्यामुळे हॉटनचा झिप कोड, ४९९३१, तिला आजही तोंडपाठ आहे. आमचा आताचा झिप कोड मात्र तिला दर वेळी विचारावा लागतो. यापूर्वी ते दोनदा येऊन गेले, पण दोन्ही वेळा नायगारा आणि शिकागो झालं, हॉटन राहिलं.

आणि आता तिची पाठ. दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरून ती पडली आणि कमरेचा एक मणका चेपला गेला. डॉक्टरांनी अमेरिकेला जायची परवानगी दिली ती एका अटीवर : धक्के नकोत. डेट्रॉइटहून हॉटन साडेपाचशे मैल. फोनवर आई म्हणाली, “तुम्ही सगळे जाऊन या. मी राहीन घरी. मला काय, टीव्ही आहे, पोळ्या करून ठेवीन.” ज्यांनी आपल्या आईचं ‘मला काय’ ऐकलं आहे त्यांना त्याचा अर्थ सांगायला नको. वय चौऱ्याहत्तर. पुन्हा येणं होईल न होईल. तेव्हा गॅरेजवाल्याचा प्रश्न आमच्या घरात नुसता गाडीचा प्रश्न राहिला नाही.

आधी दोन स्प्रिंगांमधला फरक पाहू. लिनियर स्प्रिंग म्हणजे सरळ हिशोबाची. रॉबर्ट हूकनं १६७८ मध्ये छापून सांगितलेला नियम ती इमानदारीनं पाळते : जितका भार, तितकी दब. एक इंच दाबायला १५५ पौंड लागत असतील तर दोन इंचांना ३१० पौंड. तिची सगळी वेटोळी सारख्या अंतरावर असतात. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग पाहिली तर एका टोकाला वेटोळी जवळजवळ आणि दुसऱ्या टोकाला दूरदूर दिसतात. भार वाढला की जवळची वेटोळी एकमेकांवर टेकतात आणि कामातून बाद होतात. उरलेली थोडी वेटोळीच मग दबतात. काम करणारी वेटोळी जितकी कमी तितकी स्प्रिंग कडक. निम्मी बाद झाली तर कडकपणा दुप्पट. म्हणजे ही स्प्रिंग हलक्या भाराला मऊ आणि जड भाराला कडक.

बाबांची सगळी नोकरी एस.टी.च्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये गेली. त्यांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, “अरे, यात नवीन काय? मालट्रकच्या मागच्या पाट्यांवर वर आणखी एक छोटी जुडी असते, ती बघितली नाहीस का? ट्रक रिकामा असला की ती नुसती बसलेली असते. माल भरला, मोठे पाटे दबले, की ती टेकते आणि हात देते. तुमचं प्रोग्रेसिव्ह ते हेच.” आणि मग त्यांनी एका वाक्यात सगळा विषय मांडला : “रिकामी एस.टी. आदळते आणि भरलेली एस.टी. डुलते. तुझी गाडी बहुतेक वेळ रिकामी असते की भरलेली, ते आधी सांग.”

रिकाम्या एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून ज्यांनी टपाला डोकं टेकवलं आहे त्यांना हे लगेच पटेल. तीच गाडी पन्नास माणसं घेऊन निघाली की पाळण्यासारखी चालते. पाटे तेच, रस्ता तोच. भार बदलला की हेलकाव्याची गती बदलते. स्प्रिंग जितकी कडक तितके हेलकावे जलद, आणि वरचं वजन जितकं जास्त तितके ते सावकाश.

आमच्या मिनीव्हॅनचा हिशोब, आकडे जरा गोल करून, असा. चालक एकटाच असताना मागच्या प्रत्येक चाकाच्या स्प्रिंगवर साधारण ७७० पौंड. स्प्रिंग इंचाला १५५ पौंडांची धरली तर मागची बाजू मिनिटाला ८४ हेलकावे घेते. पुढची बाजू घेते ७२ च्या सुमारास. मागची बाजू पुढच्यापेक्षा जरा जलद असते ती मुद्दाम. यामागे डेट्रॉइटचाच इतिहास आहे. मॉरिस ऑली नावाचा इंग्रज इंजिनिअर रोल्स-रॉइस सोडून १९३० मध्ये कॅडिलॅककडे आला. त्यानं वजनं पुढेमागे सरकवता येतील अशी एक गाडीच तयार केली आणि माणसाला कोणती चाल सोसते, कोणती सोसत नाही, याचा अभ्यास केला. त्याचं म्हणणं असं : खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला नंतर. ताशी ७० मैलांच्या वेगाला, दहा फूट अंतरावरच्या मागच्या चाकाला तो लागतो सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा. आता दिंडीत मागे राहिलेल्या माणसानं काय करायचं? जरा भरभर चालून पुढच्याला गाठायचं. मागची बाजू जलद असली की दोन-तीन पावलांत ती पुढच्या बाजूच्या तालात येते आणि गाडी सपाट वरखाली होते. ती जर पुढच्यापेक्षा सावकाश असेल तर पुढचं टोक वर तेव्हा मागचं खाली, असं घोड्यासारखं चालू राहतं. पाठीला या पुढेमागे झुलण्याचाही त्रास होतो.

आता गाडी भरा. मधल्या रांगेत आई-बाबा, मागे मुलं, त्यामागे बॅगा, कूलर, थालीपिठांचे डबे. मागच्या प्रत्येक स्प्रिंगवर ३३० पौंड वाढले, एकूण झाले ११००. जुनीच १५५ ची लिनियर स्प्रिंग ठेवली तर गाडी मागून दोन इंचांहून जास्त बसते आणि हेलकावे ८४ वरून ७० वर येतात. म्हणजे पुढच्यापेक्षा सावकाश. ऑलीनं नको म्हटलेली नेमकी तीच स्थिती. शिवाय दोन इंच मागे बसलं की पुढचे दिवे आकाशाकडे बघतात. शंभर फुटांवर झोत पावणेदोन फूट वर जातो आणि समोरून येणारा शिव्या देतो.

मग २२० पौंडांची कडक लिनियर टाकली तर? भरलेल्या गाडीला ती अगदी बरोबर, पुन्हा ८४ हेलकावे. पण वर्षातले साडेतीनशे दिवस गाडीत एकच माणूस आणि एक जेवणाचा डबा असतो. तेव्हा तीच स्प्रिंग मिनिटाला १०० हेलकावे देते. म्हणजे रिकामी एस.टी. आपणच विकत घेतल्यासारखं.

प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग १५५ नं सुरू होते आणि पूर्ण भाराला २२० पर्यंत जाते. रिकामी असताना ८४ आणि भरल्यावरही ८४ च्या आसपास. कागदावर सवालच संपला. पण कागदावर संपलेले सवाल रस्त्यावर पुन्हा सुरू होतात, हे आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. स्प्रिंग नुसती उसळते. उसळी शांत करण्याचं काम शॉक ॲब्झॉर्बरचं. तो एका ठराविक कडकपणाला आणि वजनाला जुळवलेला असतो. स्प्रिंग कडक झाली आणि वजनही वाढलं की त्याची पकड ढिली पडते. आमच्या हिशोबात ती जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होत होती. म्हणजे प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग घ्यायची तर तिला झेपेल असे नवे शॉकही घ्यायला हवेत. दुसरी गोष्ट, वळणावर गाडी कलली की बाहेरच्या बाजूची प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग मध्येच कडक होते, आणि गाडी आता कशी वागेल याचा अंदाज बदलतो. म्हणूनच मंडळातला एक तरुण, जो रविवारी आपली दोन सीटांची गाडी ट्रॅकवर पळवायला नेतो, त्याला आम्ही लिनियरच घे म्हणून सांगितलं. त्याच्या गाडीचं वजन कधी बदलत नाही आणि त्याला प्रत्येक वळणावर तेच उत्तर हवं असतं.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कडक स्प्रिंग टाकली म्हणून गाडीत जास्त वजन भरायची परवानगी मिळत नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवर माणसं आणि सामान मिळून किती पौंड, ते चिकटवलेलं असतं. ब्रेक, टायर, आस, सगळ्यांचा विचार त्या आकड्यात असतो. आम्ही सौ.च्या देखत सहा माणसांची आणि प्रत्येक बॅगेची बेरीज केली. त्यात एक इलेक्ट्रिक कुकर घरी राहिला. सौ. दोन दिवस बोलली नाही, पण बेरीज बसली.

शेवटी ठरलं : मागे प्रोग्रेसिव्ह, त्यांना जुळणारे नवे शॉक, पुढचं जसं आहे तसं. आईला सांगितलं, “तुझ्यासाठी गाडीचे पाय बदलले.” ती म्हणाली, “माझेही बदलून मिळाले तर बघ.” पण पोळ्या करून ठेवायची भाषा थांबली.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात निघालो. गाडी भरून टेप लावून पाहिलं, मागून पावणेदोन इंच बसली होती. दिव्यांचे स्क्रू थोडे फिरवून झोत खाली घेतला. आईला बसवलं मधल्या रांगेत, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध. गाडी झुलते तेव्हा सगळ्यात कमी हलते ती मधली जागा. एस.टी.त म्हातारी माणसं मधला बाक पकडतात ती उगीच नव्हे. आई-बाबा घेऊन फिरणाऱ्या सगळ्यांना आमचा हा फुकटचा सल्ला : मागची रांग पोरांना द्या.

इंटरस्टेट ७५ वरून उत्तरेला निघालं की फ्लिंट, सॅगिनॉ, बे सिटी अशी गावं मागे पडतात आणि हळूहळू कारखान्यांच्या जागी झाडं येतात. काँक्रीटच्या पट्ट्यांवर सांधे असतात. ७० मैलांच्या वेगाला गाडी सेकंदाला १०३ फूट जाते. समजा ४० फुटांवर एक सांधा, तर सेकंदाला अडीच ठोके. ‘धड-धड, धड-धड.’ आम्ही आरशातून आईकडे पाहत होतो. ती विणकाम घेऊन बसली होती. सुया चालू होत्या. दर तासानं थांबून तिला पाच मिनिटं चालवायचं, हे मात्र आम्ही कटाक्षानं पाळलं. कोणतीही स्प्रिंग चालण्याचं काम करत नाही.

दुपारी मॅकिनॉचा पूल आला. मिशिगनचे दोन तुकडे जोडणारा हा झुलता पूल १ नोव्हेंबर १९५७ ला वाहतुकीला खुला झाला. एकूण लांबी २६,३७२ फूट, म्हणजे पाच मैल. मधला गाळा ३,८०० फुटांचा. आतल्या लेनमध्ये खाली पोलादी जाळी आहे. वारा तिच्यातून आरपार जावा म्हणून ती ठेवली आहे. टायर तिच्यावरून गेले की भुंग्यासारखे गुणगुणतात आणि खाली बघितलं तर पाणी दिसतं. ज्यांना धीर होत नाही त्यांची गाडी पुलाचा माणूस चालवून पलीकडे नेतो. बाबांनी वर केबलकडे बघितलं आणि विचारलं, “भार वाढला की हाही दबतो का?” दबतो. वादळी वारा असला तर मधला भाग बाजूला पस्तीस फुटांपर्यंत सरकू शकतो, तोही झोका घेत नाही, सावकाश सरकतो आणि सावकाश परत येतो. बाबा म्हणाले, “मग मजबूत आहे. जे हलत नाही ते तुटतं.”

पूल ओलांडला की अप्पर पेनिन्सुला. इथली माणसं स्वतःला ‘यूपर’ म्हणवतात आणि पुलाखालच्या आम्हाला ‘ट्रोल’. परीकथेतले राक्षस पुलाखालीच राहतात ना! यूएस-२ लेक मिशिगनला लागून पश्चिमेला जातो. डाव्या हाताला पाणी आणि वाळूच्या टेकड्या, उजव्या हाताला पाइनची झाडं. दर थोड्या मैलांवर ‘पेस्टी’ विकणारी दुकानं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून खाणकामगार इथे तांबं काढायला आले, त्यांनी हा पदार्थ आणला. आईनं नीट निरखून निर्णय दिला : “ही तिखटमिठाची करंजीच आहे, फक्त हात सैल पडलाय.” आम्हाला बटाट्याच्या करून मिळाल्या, त्या तिनं लोणच्याबरोबर खाल्ल्या.

ब्लेनी पार्कला उत्तरेला वळून आम्ही सीनी गावी पोचलो. तिथून शिंगलटनपर्यंत एम-२८ हा रस्ता पंचवीस मैल सरळ जातो. वळण नाही. दोन्ही बाजूंना दलदल, मध्ये ही एक रेघ. अशा जमिनीवरचा, दर हिवाळ्यात गोठणारा रस्ता खड्ड्यांपेक्षा लाटांनी छळतो. डोळ्याला सपाट, बुडाला नाही. आमच्या मनात या पट्ट्याची सगळ्यात जास्त धास्ती होती, त्याचं कारण सांगतो. समजा ७० फुटांवर एक उंचवटा आहे. ५५ मैलांच्या वेगाला मिनिटाला ६९ उंचवटे लागतात. आणि जुन्या स्प्रिंगांवर भरलेल्या आमच्या गाडीचे हेलकावे मिनिटाला ७०. झोपाळ्यावरच्या मुलाला नेमक्या वेळी धक्का देत राहिलं की झोका वाढत जातो, तसं गाडीचं होतं. नव्या स्प्रिंगांवर हेलकावे ८४, म्हणजे रस्त्याचा आणि गाडीचा ताल जुळत नाही.

त्या पंचवीस मैलांत कोणी बोललं नाही. एके ठिकाणी लाट जरा मोठी आली, गाडी एकदा वर, एकदा खाली आणि स्थिर. धाकटा मागून म्हणाला, “पुन्हा!” शिंगलटन आलं तेव्हा आरशात पाहिलं. विणकाम मांडीवर, सुया थांबलेल्या, आणि आई झोपलेली. तोंड किंचित उघडं. बाबांनी एक हात तिच्या उशीखाली धरला होता.

आता इंजिनिअर म्हणून प्रामाणिकपणे सांगायचं तर याला प्रयोग म्हणता येणार नाही. तोच रस्ता, तेच वजन, दुसऱ्या स्प्रिंगा, असं आम्ही काही करून पाहिलेलं नाही. नव्या शॉकचा वाटाही मोठा असणार. पण आम्हाला शोधनिबंध लिहायचा नव्हता. म्युनिसिंगच्या मोटेलात आईनं स्वतःच्या हातानं गरम पाण्याची पिशवी भरली आणि म्हणाली, “रोजच्याएवढंच दुखतंय. जास्त नाही.” एवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मार्केट, लान्स आणि मग कीविनॉचा उपसागर उजव्या हाताला ठेवून हॉटन. कालव्यावरचा १९५९ चा उचलपूल दिसला आणि आमचा घसा जरा दाटला. युनिव्हर्सिटी दाखवली, जिथे आठ जण दोन खोल्यांत राहायचो ते घर दाखवलं. बाबांना मेकॅनिकलची इमारत बघायची होती. आईला बघायचं होतं पोस्ट ऑफिस. तिथे ती आत गेली, काउंटरवरच्या बाईंकडे पाहून हसली, आणि भिंतीवरचा ४९९३१ हा आकडा बोटानं दाखवून आम्हाला म्हणाली, “हाच. चकल्या मोडून पोचायच्या का रे?” आम्ही सांगितलं, “मोडून पोचायच्या, पण पोचायच्या.” खरी गोष्ट होती. पार्सलात स्प्रिंगा नसतात.

तिसऱ्या दिवशी त्याहून उत्तरेला, कॉपर हार्बरपर्यंत. मोहॉक गावाच्या पुढे यूएस-४१ च्या कडेला एक उंच पट्टी उभी केली आहे, १९७८-७९ च्या हिवाळ्यात पडलेल्या बर्फाची : ३९०.४ इंच, म्हणजे बत्तीस फुटांहून जास्त. आई तिच्या खाली उभी राहिली आणि मान वर करून बघत राहिली. “फोनवर म्हणायचास, ‘थोडं बर्फ आहे’,” एवढंच बोलली. पुढे रस्ता झाडांच्या बोगद्यातून वळणं घेत, चढत-उतरत जातो. इथे प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगांचा दुसरा स्वभाव दिसला. वळणात गाडी आधी सहज कलायची आणि मग एकदम खांदा धरल्यासारखी थांबायची. पस्तीस मैलांच्या वर जायची गरज नव्हती, म्हणून त्रास झाला नाही. घाटात रोज गाडी हाकणाऱ्यानं मात्र हे ध्यानात ठेवावं. कॉपर हार्बरच्या पुढे हा महामार्ग संपतो. पाटीवर लिहिलं आहे की तिथून मायामी १,९९० मैल. बाबांनी पाटीखाली फोटो काढून घेतला आणि म्हणाले, “एवढ्याला स्प्रिंगा पुरतील?”

आई-बाबा ऑक्टोबरात परत गेले. मिनीव्हॅन पुन्हा एका माणसाची आणि एका डब्याची झाली, आणि कामावर जाताना आदळत नाही. बरोब्बर खड्ड्यात गेली तर मागून बारीकसा ‘टक्’ ऐकू येतो. वेटोळं वेटोळ्यावर टेकतं त्याचा तो आवाज. मध्ये रबराची नळी असली तरी तेवढा येतोच. तो ज्यांना खपणार नाही त्यांनी लिनियर घ्याव्यात.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी या उन्हाळ्यात आई-वडील येणार असतील त्यांच्यासाठी थोडक्यात : हिवाळा संपला की गाडीखाली एकदा वाकून स्प्रिंगचं तळाचं वेटोळं बघा, गंजलेलं असेल तर आताच बदला. गाडी नेहमी सारख्याच वजनानं चालत असेल तर लिनियर, त्या वजनाला बरोबर अशी. कधी एक माणूस आणि कधी सहा, अशी असेल तर मागे प्रोग्रेसिव्ह, आणि बरोबर शॉक. दारावरचा आकडा वाचा, बॅगा मोजा. कुकर घरी ठेवा. आणि ‘मला काय, तुम्ही जा’ असं कोणी म्हणालं तर ते खरं मानू नका.